सहावी पिन

“किती?”

“पाच, सर.”

“दाखव.”

मी खिशातून पाच पिना काढल्या आणि शाळेच्या टेबलावर ठेवल्या. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली फुटक्या पाटीचा तुकडा घातलेला. पिना पोलादी, पेन्सिलीएवढ्या, प्रत्येकीच्या शेपटीला वीतभर लाल पट्टी. विंग कमांडर मुथण्णांनी त्या मंडईत भेंड्या निवडाव्यात तशा एकेक करून डावीकडून उजवीकडे सरकवल्या.

“पाच,” ते म्हणाले.

“पाच,” म्हणत शेजारच्या फ्लाइंग ऑफिसर टिपणीसांनी लिहिलं.

“अगदी पाच,” मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

मुथण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “साक्षीदार क्रमांक चार. नाव?”

“हडकर, सर. लीडिंग एअरक्राफ्ट्समन मुकुंद हडकर.”

“घाम का येतोय, हडकर? डिसेंबर आहे.”

“मालवणचा आहे, सर. आम्हाला येतो.”

टिपणीसांनी तेही लिहिलं.

“हे खोडा,” मुथण्णा म्हणाले.

टिपणीसांनी खोडलं.

*

एकाहत्तरच्या लढाईचा सहावा दिवस होता. तोवर शत्रूनं आमच्या तळाचं एकही विमान पाडलं नव्हतं. ते काम आम्हीच करत होतो. एकानं तेलाची जादा टाकी हवेतून सोडली ती थेट कमांडिंग ऑफिसरांच्या फ्लॉवरच्या वाफ्यात. एक विमान उतरताना धावपट्टी सोडून मेसच्या संडासांत शिरलं. त्या वेळी आत कुणी नव्हतं, असं कागदावर आहे. तिसऱ्याच्या पंखावर पाण्याचा टँकर मागे घेतला गेला. या सगळ्यांची चौकशी मुथण्णांकडे. कूर्गचा उंच, वाळका माणूस. लसी टोचणाऱ्या डॉक्टरसारखा एकामागून एक अपघात उरकत होता. ते इंग्रजीत विचारत, मी अर्ध्या हिंदीत उत्तर देत असे. इथं सगळं मराठीतच लिहितो, नाहीतर माझी हिंदी वाचावी लागेल.

चौथा अपघात फ्लाइट लेफ्टनंट गुप्त्यांचा. त्यासाठी आम्ही जीप काढून चाळीस किलोमीटरवरच्या आंबळदरा गावात आलो होतो, कारण विमान तिथंच पोटावर पडलं होतं. मुथण्णा अध्यक्ष, टिपणीस लिहिणारे सदस्य, गुप्तेसाहेब डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन साक्षीदार क्रमांक एक. मी चार. दोन आणि तीन साक्षीदार टॉवरमधले होते. त्यांनी एवढंच सांगितलं की विमान आधी दिसत होतं, मग दिसेनासं झालं.

*

कागदाबाहेर.

पिनांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लढाऊ विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली दारू ठासलेली असते. विमान पडायला लागलं की त्यानं डोक्यावरचं हँडल ओढायचं. खुर्ची त्याच्यासकट वर उडते, मग पॅराशूट उघडतं. जमिनीवर असताना ती चुकून उडू नये म्हणून तिच्यात पाच जागी पिना खोचलेल्या असतात. उड्डाणाआधी शिडीवर चढून त्या काढायच्या, मूठ उंच करून वैमानिकाला दाखवायच्या. तो मोजतो, मान हलवतो, आपण खाली उतरतो. हे काम माझं होतं.

बहुतेक वैमानिक नुसत्या नजरेनं मोजत. टिपणीस मात्र हातमोजा घातलेल्या बोटानं एकेक पिन शिवत आणि म्हणत, “धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. सगळे हजर. हडकर, उतरा आता, नाहीतर स्वर्गात माझ्याबरोबर याल.” तेवीस वर्षांचा, ठाण्याचा माणूस. मला अहो-जाहो करणारा सबंध तळावरचा एकमेव अधिकारी.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी माझी एक पिन हरवली. पिन हरवली की शिक्षा, म्हणून कुणी सांगत नसे. दुरुस्तीला लावलेल्या विमानाची काढून आणायची, असा सगळ्यांचा शिरस्ता होता. मीही आणली. संध्याकाळी पायमोजे काढताना हरवलेली पिन बुटातच सापडली. म्हणजे आता माझ्याकडे सहा. सहावी परत ठेवायची तर आधी चोरली हे सांगावं लागणार. मी ती खिशात ठेवली. पाच पांडव आणि एक कर्ण, असं मनातल्या मनात म्हणून हसलोसुद्धा.

चौथ्या दिवशी भोंगा वाजला. गुप्तेसाहेब धावत आले, चढले, शिव्या घालत पट्टे बांधायला लागले. मी पिना काढून खिशात टाकत गेलो. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात त्यांच्या हेल्मेटची वायर खुर्चीच्या कडेला अडकली. ती सोडवली. मग खिशात हात घातला, मूठ बाहेर काढली, उघडली. पाच.

“पाच, सर.”

त्यांनी बघितलं. मान हलवली. मी उतरलो.

चार मिनिटांनी इंजिनात घार शिरली. अर्ध्या तासानं बातमी आली, की गुप्तेसाहेब आंबळदऱ्याला पोटावर उतरले, जिवंत आहेत. सगळे नाचायला लागले. मीही नाचलो, आणि नाचता नाचता खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता.

दाखवलेल्या पाचही अजून दुसऱ्या मुठीत, खिशात एकही नाही. म्हणजे सहावी खुर्चीत राहिली होती. डोक्यामागची, मुख्य. ती आत असली की हँडल ओढा नाहीतर कपाळ बडवा, खुर्ची जागची हलत नाही. मी एका माणसाला खुर्चीला खिळवून आकाशात पाठवलं होतं. कळलं तर लष्करी कोर्ट, सक्तमजुरी, आणि मालवणात बापाला तोंड दाखवायला जागा नाही.

आता विचारा, घाम का येतोय.

*

कागदावर.

प्रश्न : विमान कुठं थांबलं?

उत्तर (साक्षीदार क्रमांक एक) : बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात.

मुथण्णांना घाट म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी सरपंच हैबतरावांनी सगळ्यांना बाहेर नेऊन दाखवलं. गावाबाहेर, शाळेच्या पलीकडं, दगड वेचून साफ केलेली सरळ लांब पट्टी, शेवटाला चढत जाणारी. यात्रेला तिथं बैलगाडे पळतात. विमान शाळेच्या कौलांवरून पुरुषभर उंचीनं गेलं, हरभऱ्याच्या रानात टेकलं, घासत घाटात शिरलं आणि चढावर दम लागल्यासारखं थांबलं. नाकाला झेंडूची माळ. पुढच्या नळीला कुणीतरी शेळी बांधली होती.

“आजवर या घाटात येवढ्या जोरात कुनी पळालं न्हाई,” हैबतराव म्हणाले. “म्हनून यंदाचा घाटाचा राजा आमी गुप्तेसायबांना ठरिवलाय. फेटा बांधायचा ऱ्हायलाय तेवढा.”

“बैल न लावता?” टिपणीसांनी इंग्रजीत सांगितल्यावर मुथण्णांनी विचारलं.

“नेमात बैलाचं काय लिवलेलं न्हाई, सायेब.”

मी शिडी लावून कॉकपिटमध्ये डोकावलो. डोक्यामागच्या जागेत भोक रिकामं. पिन नव्हती. आदल्या दिवशी खुर्चीतली दारू काढायला आलेल्या लोकांनी चिठ्ठीत लिहिलं होतं : खुर्चीत एकही पिन आढळली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण पिन आपली आपण निघून चालत जात नाही. ती कुणीतरी काढली होती आणि ती या गावात कुठंतरी होती. दारावर टांगलेली असेल, बैलाच्या गळ्यात असेल, कुणी तिनं कान कोरत असेल. मुथण्णांना दिसली की झालं.

शेळी माझ्या पँटचा खिसा चावायला लागली. त्यात आता काही नव्हतं.

तेव्हाच टिपणीसांनी पॅडवरून डोकं वर काढलं आणि तो प्रश्न विचारला. अध्यक्षांनी विचारायचा होता, पण ते शेळीकडं बघत होते.

“सर, तुम्ही उडी का नाही मारलीत? इंजिन बंद पडलं तेव्हा उंची भरपूर होती. आम्ही सगळे तेच बोलतोय.”

गुप्तेसाहेबांनी प्लास्टरच्या हातावरची पट्टी सारखी केली. मग शाळेकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझी बोटं शिडीवर घट्ट झाली.



“का म्हंजे?” हैबतराव पुढं आले. “साळंसाठी! आत अट्ठावन पोरं व्हती. हे उडाले असते तर विमान साळंवरच पडलं असतं. मानूस जागचा हलला न्हाई. आमच्या पोरांसाठी मराया तयार झाला ह्यो बाबा!”

त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. गुप्तेसाहेब जमिनीकडं बघत राहिले. त्याला विनय म्हणतात, असं टिपणीसांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

टिपणीसांनी लिहिलं : वैमानिकानं खालच्या शाळेचा विचार करून, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, विमान न सोडण्याचा निर्णय घेतला.

मी शिडीवरून वाचत होतो. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

*

देवीच्या पाया पडल्याशिवाय गाव सोडायचं नाही, असं ठरलं. म्हणजे हैबतरावांनी ठरवलं. टेकाईचं देऊळ घाटाच्या वर, छोटं, दगडी, आत पणतीएवढाच उजेड. टिपणीस बाहेरच थांबले. पोरांनी त्यांना घेरलं होतं आणि ते हातांचे पंख करून विमान कसं वळतं ते दाखवत होते. मुथण्णांनी बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. मुथण्णा, गुप्तेसाहेब, मी आणि गुरवीण ठकूबाई, एवढेच आत.

मी हात जोडले. बा देवा म्हाराजा, म्हणून गाऱ्हाणं घालायला वर बघितलं, आणि तोंड तसंच राहिलं.

देवीच्या गळ्यात, खणाच्या घडीवर, लाल दोऱ्यात ओवलेली पिन. वर हळद, वर कुंकू. लाल पट्टी छान धुऊन सरळ केलेली, इंग्रजी अक्षरांसकट : उड्डाणापूर्वी काढा.

“हे काय?” मुथण्णांनी हिंदीत विचारलं.

“देवीचा डाग हाय,” ठकूबाई म्हणाली. दागिन्याला त्या बाजूला डाग म्हणतात. “ह्या सायबांनीच वाहिला. विमानातनं भायेर काढलं तवा उजव्या मुठीत घट्ट धरला व्हता. मी म्हनलं, बाबा, जीव वाचला, आईला काय तरी वाहा. तर ह्योच दिला. म्हनले, आजी, ह्यो कुनाला देऊ नगा.”

मी तिचं बोलणं हिंदीत सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी घंटा वाजवली. पण मुथण्णांना मराठी येत नसलं तरी डोळे होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. देवळात घंटेखाली उभा असलेला मी, प्लास्टरवाले गुप्तेसाहेब, आणि पिनेवर नाक टेकेल इतक्या जवळ गेलेला चौकशीचा अध्यक्ष. ठकूबाईला वाटलं, साहेब फारच भाविक आहेत. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

मुथण्णा सरळ झाले. माझ्याकडं बघितलं. गुप्त्यांकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

“आत फार अंधार आहे,” ते म्हणाले. “मला काही दिसत नाही.”

आणि बूट घालायला बाहेर गेले.

*

देवळाच्या मागं, चाफ्याखाली, गुप्तेसाहेब आणि मी.

“सर,” मी म्हणालो. “ती पिन माझी. मी—”

“माहितीये. मी मोजल्या होत्या ना. पाचच होत्या. साला, मी पण फक्त आकडाच मोजला.” त्यांनी एका हातानं सिगारेट काढली, मी पेटवून दिली. “तुला सांगणार होतो, हडकर, की तळावर गेल्यावर तुझी तंगडी मोडणार. गळ्यापर्यंत आलं होतं. पण मोडता येत नाही.”

“का, सर?”



“त्या सरपंचाला काय वाटतं? मी शाळेसाठी थांबलो. मी हँडल ओढलं, हडकर. शाळेच्या अलीकडं. कौलं दिसत होती, अंगणातली पोरं दिसत होती. सगळं स्वच्छ दिसत होतं आणि मी ओढलं. काही झालं नाही. मग परत ओढलं, दोन्ही हातांनी. तेव्हाच हा मोडला.” त्यांनी प्लास्टर दाखवलं. “खुर्ची उडाली असती तर मी आत्ता मेसमध्ये दारू पीत असतो आणि इथं अठ्ठावन्न पोरं... उडालीच नाही. मग काय करणार? आणलं खाली. थांबल्यावर डोक्यामागं चाचपलं, तर तुझी पिन.”

खालून पोरांचा गलका येत होता. टिपणीस अजून विमान झाले होते.

“आता तू खरं सांगितलंस तर तू तुरुंगात. मी खरं सांगितलं तर मी...” त्यांनी राख झटकली. “त्या म्हातारीनं माझे पाय धुतले रे. पाय.”

“मग, सर?”

“तुला किती पिना विचारल्या?”

“पाच.”

“दाखवल्यास किती?”

“पाच.”

“मग झालं तर. तू एक अक्षर खोटं बोलला नाहीस. मी तर बोललोच नाही.” त्यांनी सिगारेट चाफ्याच्या बुंध्यावर विझवली. “लिही म्हणावं टिपणीसला, काय लिहायचं ते.”

मला इतकं हलकं वाटलं की जीपमध्ये परतताना मी गाणं म्हणालो. टिपणीसांनी ताल धरला. कुंकू लावलेले मुथण्णा पुढं बसून झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

*

कागदावर.

कारण : पक्षी. दोष : कुणाचाही नाही. शिफारस : शौर्यपदक.

*

तो निर्णयाचा परिच्छेद कुणाला तरी फार आवडला. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या सभेत तो वाचून दाखवायला लागले. “स्वतःच्या जिवाची पर्वा न करता.” नोटीस बोर्डावर टाचला. खाली टिपणीसांच्या अक्षराची नक्कल करून कुणीतरी लिहिलं, “घाटाचा राजा!” सगळे हसले. टिपणीस सगळ्यांत जास्त हसले. पण सभेत तो परिच्छेद वाचला जात असताना त्यांचे ओठ हलत, हे मी बघितलं होतं.

गुप्तेसाहेबांना हात मोडल्यामुळं टॉवरमध्ये बसवलं होतं. ते सभेला येणं टाळायचे.

*

अकरावा दिवस. दुपारचे सव्वादोन. ऊन इतकं साधं होतं की लढाई आहे असं वाटत नव्हतं.

टिपणीस खुर्चीत बसले. मी शिडीवर. आता मी पिन काढली की भोकात बोट घालून बघत असे, मग पुढची. दोनदा मोजायचो. खिशात काही ठेवत नव्हतो.

“पाच, सर.”

बोट एकेका पिनेवरून फिरलं. “धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. हडकर, एवढं काटेकोर कशाला करता? ही खुर्ची काही मला लागायची नाही.”

“म्हणजे, सर?”

“गुप्तेसर बसून राहिले, आम्ही उड्या मारायच्या? मी लिहिलंय ते स्वतः. आपल्याच अक्षराला जागायला नको?” ते हसत होते. चेष्टाच होती. किंवा नव्हती.

खाली सार्जंट हात हलवत होता, उतर म्हणून. माझ्याकडं वीस सेकंद होते. एक वाक्य पुरलं असतं. सर, त्यांनी ओढलं होतं. एवढंच. कॉकपिटमध्ये आम्ही दोघंच, इंजिनाच्या आवाजात तिसऱ्याला ऐकू गेलं नसतं. मी तोंड उघडलं. आणि मला लष्करी कोर्ट दिसलं, टेबलावर पाच पिना दिसल्या, मालवणच्या बंदरावर जाळं विणत बसलेला बाप दिसला.

“पट्टा घट्ट आहे ना, सर?” मी म्हणालो.

“फस्क्लास. उतरा आता, नाहीतर स्वर्गात याल.”

मी उतरलो.

*

आमच्या टपरीतला रेडिओ टॉवरला जोडलेला होता. तिथं आम्ही सातजण चहा पीत होतो. जे ऐकलं ते असं :

टिपणीस म्हणाले, इंजिन गेलं.

टॉवर म्हणाला, बाहेर पड.

टिपणीस म्हणाले, खाली वस्ती दिसतेय, झोपड्यांसारखं काहीतरी. थोडं पुढं नेतो.

टॉवर म्हणाला, बाहेर पड.

मग माइक कुणीतरी हिसकावल्याचा आवाज. मग गुप्तेसाहेब, मराठीत, ओरडून. “टिपणीस! हँडल ओढ! ऐक माझं. मी ओढलं होतं. शाळा दिसत असताना ओढलं होतं, दोनदा! खुर्चीत पिन राहिली होती म्हणून उडालो नाही. तू लिहिलंस ते सगळं खोटं आहे. ओढ आता!”

थोडी खरखर. मग टिपणीसांचा आवाज आला, अगदी जवळून बोलल्यासारखा, आणि तो हसरा होता.

“सर, मला वाचवायला तुम्ही काहीही सांगाल.”

पुढं काही ऐकू आलं नाही. टपरीतल्या सातजणांपैकी मराठी मला एकट्यालाच येत होतं. बाकीचे मला विचारत राहिले, काय म्हणाले, काय म्हणाले. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. लांब, टेकडीच्या मागून धूर वर यायला लागला होता.

*

या वेळी चौकशी तळावरच, एका खोलीत झाली. टेबलाचे चारही पाय सारखे होते. मुथण्णा एकटेच बसले होते. आणखी कृश वाटत होते.

“खाली काय होतं ते कळलं?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर.”

“धनगरांचा तळ. आठ खोप्या. सकाळीच मेंढरं घेऊन पुढं गेले होते. कुणीही नव्हतं.” त्यांनी चष्मा पुसला, घातला. “किती?”

“पाच, सर.”

“दाखव.”

मी ठेवल्या. त्यांनी सरकवल्या नाहीत. नुसत्या बघितल्या. लाल पट्ट्या टेबलावर पसरल्या होत्या, त्यातल्या एकीवर टिपणीसांच्या हातमोज्याचा काळा डाग होता. सहदेवावर.

“या वेळी खरंच पाच?”

“हो, सर. या वेळी खरंच.” आणि मग ते आलंच, अडवता आलं नाही. “सर, गेल्या वेळची सहावी टेकाईच्या गळ्यात आहे. ती माझी. मी शिडीवर त्यांना सांगू शकत होतो, सर. माझ्याकडं वीस सेकंद होते. हे लिहून घ्या.”

 मुथण्णांची नजर शेजारी गेली. तिथं रिकामी खुर्ची होती, तिच्यासमोर कोरं पॅड होतं आणि पॅडवर टोपण न काढलेलं पेन.

“कोणी लिहून घ्यायचं, हडकर?” ते म्हणाले.